मॅडम, हे लोक अजून असेच राहतात का?

पत्र: "मी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना शिकवते. पुढच्या सत्रात आमच्या वर्गाच्या दुसऱ्या देशातल्या एका वर्गाबरोबर ऑनलाइन भेटी ठरल्या आहेत. त्याआधी वेगळ्या संस्कृतीतल्या माणसांशी कसं वागायचं याची मुलांना जरा सवय व्हावी म्हणून मी कॉम्प्युटर लॅबमध्ये 'नेव्हर अलोन' हा गेम खेळायला दिला. मुलं जाम खूश. तास संपता संपता एकाने विचारलं, 'मॅडम, हे लोक अजून असेच बर्फात राहतात का?' दुसरी म्हणाली, 'बिचारे!' मला काय बोलावं कळेना. मुख्याध्यापक म्हणतात गेम खेळून संस्कृती कळत असती तर आतापर्यंत सगळी पोरं शहाणी झाली असती. मी हे पुढे चालू ठेवू का? कुठले गेम घेऊ? त्या दुसऱ्या वर्गाबरोबर पण खेळायचं का? आणि मार्क कशाचे द्यायचे? – गोंधळलेली शिक्षिका"

ताई, चालू ठेवा. त्या मुलाने विचारलेला प्रश्न हाच तुमच्या तासाचा सगळ्यात कामाचा भाग होता आणि नेमकी तेव्हाच बेल वाजली, एवढंच झालंय. गेम चुकला नाही, मुलं चुकली नाहीत, फक्त वेळेची वाटणी उलटी झाली.

कारण बघा, 'नेव्हर अलोन' हा काही कुणी लांबून बघून बनवलेला गेम नाही. 2014 मध्ये आला, अलास्कातल्या इन्युपियाट लोकांची गोष्ट आहे, नुना नावाची मुलगी आणि तिच्याबरोबर एक पांढरा कोल्हा, आणि तो बनवायला तिथल्या मूळ रहिवाशांसाठी काम करणाऱ्या कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल या संस्थेने ई-लाइन मीडिया या कंपनीला बरोबर घेतलं, समाजातली वयस्कर माणसं, गोष्टी सांगणारे, कलाकार असे सगळे त्यात होते, गोष्ट सांगणारा आवाजसुद्धा त्यांच्याच भाषेतला. गेममध्ये ठिकठिकाणी घुबडं असतात, घुबड सापडलं की एक छोटी फिल्म उघडते आणि त्यात खरीखुरी, आजची माणसं कॅमेऱ्यासमोर बसून बोलतात. म्हणजे 'अजून असेच राहतात का' याचं उत्तर गेमच्या पोटातच होतं. आणि मी पैज लावतो, तुमच्या मुलांनी एक तर घुबडं शोधलीच नाहीत किंवा फिल्म उघडल्या उघडल्या स्किप केली. त्यांना तरी कशाला नावं ठेवायची, समोर पुढची लेव्हल दिसत असताना आजोबांचं बोलणं कोण ऐकतंय.

तर पहिलं काम, तोच गेम परत काढा. यावेळी खेळायचं कमी, फिल्म जास्त. आणि त्या मुलाचा प्रश्न फळ्यावर लिहा, नाव न घेता, आणि विचारा की या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला गेममध्ये काय दिसलं, काय दिसलं नाही, आणि गेम बनवणाऱ्यांनी जुनी गोष्ट का निवडली असेल. 'बिचारे' हा शब्द पण लिहा, पण तो दोन दिवसांनी, तो जरा जास्त अवघड आहे, कारण त्यात मुलीचा जीव कळवळलाय आणि त्याच वेळी ती त्या माणसांच्या वर जाऊन बसलीय, आणि या दोन गोष्टी वेगळ्या करायला मुलांना वेळ लागतो, मोठ्यांनाही लागतोच म्हणा.

आता मुख्याध्यापकांचं. त्यांचं म्हणणं मला निम्मं पटतं. गेम खेळून संस्कृती 'कळत' नाही. गेममधून माहिती मिळते, पण माहिती व्हिडिओतून, पुस्तकातून, कशातूनही मिळते आणि बऱ्याचदा जास्त चांगली मिळते. 'असॅसिन्स क्रीड' या मारामारीच्या गेमवाल्यांनी 2018 मध्ये डिस्कव्हरी टूर म्हणून मारामारी काढून टाकलेला भाग आणला, प्राचीन इजिप्तमध्ये नुसतं हिंडायचं आणि माहिती ऐकायची, इतिहासाच्या तासाला अगदी छान, पण त्याने तुमची मुलं पुढच्या सत्रात स्क्रीनवर समोर बसलेल्या जिवंत मुलाशी नीट बोलतील असं काही नाही. 'जिओगेसर' तर मुलांना भयंकर आवडतं, रस्त्याचा फोटो बघून देश ओळखायचा, नजर तयार होते हे खरं, पण मुरलेले खेळाडू विजेचे खांब आणि रस्त्याकडेचे खुंट बघून देश ओळखतात, माणसांकडे बघायची गरजच पडत नाही.

गेम जे करू शकतो आणि पुस्तक करू शकत नाही ते असं की गेम मुलाला चुकवू शकतो. म्हणजे त्याला एखाद्या अनोळखी जगात टाकून, तिथले नियम न सांगता, त्याच्याकडून पटकन एक मत बनवून घेऊ शकतो आणि मग पाच मिनिटांत ते मत त्याच्याच अंगावर उलटवू शकतो, तेही कुणाचं काही न बिघडवता. तुम्हाला हे हवंय. आणि असं झालं की मुलं काहीतरी बोलून जातात. "येडे आहेत का हे." "चीटिंग करतायत." "असं कोण करतं?" हीच वाक्यं म्हणजे तुमचा धडा. म्हणून माझा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला हा की मुलं खेळत असताना तुम्ही स्क्रीनकडे बघू नका, वही घेऊन वर्गात फिरा आणि मुलं जे बोलतात ते जसंच्या तसं लिहून घ्या. सुधारून नाही, सभ्य करून नाही. हेडफोन गोळा करून घ्या आणि दोघांत एक स्क्रीन द्या म्हणजे ती बोलतील, एकट्याला स्क्रीन दिली की मूल गप्प होतं आणि तुमच्या हाती काही लागत नाही.

ही आयडिया काही माझी नाही आणि डिजिटल पण नाही. कॉम्प्युटर वर्गात यायच्या आधीपासून लोक हे पत्त्यांवर करतायत. शिवशैलम थियागराजन यांनी 1980 मध्ये बनवलेला 'बार्नगा' नावाचा खेळ आहे, वेगवेगळ्या टेबलांवर मुलं बसवायची, प्रत्येक टेबलाला पत्त्यांच्या डावाचे नियम कागदावर द्यायचे, थोडा सराव झाला की कागद काढून घ्यायचे आणि मग बोलणं बंद. लिहिणं पण बंद. जिंकणारा एका टेबलावरून उठून दुसऱ्या टेबलावर जातो. गंमत अशी की प्रत्येक टेबलाचे नियम थोडे थोडे वेगळे आहेत, कुठे एक्का सगळ्यात मोठा तर कुठे सगळ्यात छोटा, कुठे हुकूम वेगळा, आणि हे कुणालाच माहीत नाही. नवीन टेबलावर गेलेला मुलगा आत्मविश्वासाने पत्ते उचलायला हात पुढे करतो आणि दुसराच कुणीतरी ते ओढून घेतो. त्या क्षणी त्याचा चेहरा बघा. याला खेळता येत नाही, नाहीतर हा लबाड आहे, या दोनच शक्यता त्याला सुचतात, नियमच वेगळे असतील ही तिसरी शक्यता बऱ्याच जणांना शेवटपर्यंत सुचत नाही, आणि ज्यांना सुचते त्यातले पण काही जण "मग इथे माझेच नियम चालले पाहिजेत" असं वागतात. लॅब बंद असेल त्या दिवशी हा खेळ घ्या, खर्च शून्य.

आता गेम निवडताना हाच निकष लावा, मुलं यात चुकतील का आणि आपण चुकलो हे त्यांचं त्यांना कळेल का.

या हिशोबाने मला सगळ्यात जास्त आवडतो तो 'चॅन्ट्स ऑफ सेनार', 2023 चा. एक उंच मनोरा आहे, त्याच्या प्रत्येक थरावर वेगळे लोक, वेगळी भाषा, वेगळी चिन्हं, आणि तुम्हाला त्यातलं एक अक्षर येत नाही. कुणी काही बोललं की वर चिन्हं येतात, आपण अंदाज बांधायचा की याचा अर्थ 'दार' असेल, 'जा' असेल, आणि गेममधल्या वहीत टाइप करून ठेवायचा, पुढे कुठेतरी तेच चिन्ह भलत्याच ठिकाणी दिसतं आणि कळतं की आपला अंदाज साफ चुकला, मग वहीत खाडाखोड. वरच्या थरावर गेलं की भाषेची घडणच बदलते, एके ठिकाणी अनेकवचन म्हणजे चिन्ह दोनदा काढायचं, दुसरीकडे त्यासाठी वेगळं चिन्ह. पुढे तर या लोकांचं एकमेकांशी बोलणं जुळवून द्यायचं काम पण तुमच्याकडे येतं. याला एकच कॉम्प्युटर आणि प्रोजेक्टर पुरतो, एका मुलाच्या हातात कंट्रोल, बाकी सगळा वर्ग अंदाज ओरडणार. तुम्ही फळ्यावर दोन रकाने करा, 'आपला अंदाज' आणि 'कशावरून'. दुसरा रकाना रिकामा राहिला तर पहिला पुसायचा, असा नियम. बाकी काही शिकवलं नाही आणि एवढी एक सवय लागली तरी त्या ऑनलाइन भेटींना प्रचंड उपयोग होईल, कारण तिथेही समोरच्या मुलीने कॅमेरा बंद केला की आपली मुलं म्हणणार 'शिष्ट आहे', आणि कशावरून हा रकाना रिकामाच असणार.

'जर्नी' पण बघा, 2012 चा गेम आहे, वाळवंटातून एका डोंगराकडे जायचं, वाटेत इंटरनेटवरून दुसरा कुणीतरी खराखुरा खेळाडू भेटतो पण त्याचं नाव दिसत नाही, चॅट नाही, आवाज नाही, नुसता एक सूर काढता येतो, छोटा किंवा मोठा. सोबत कोण होतं ते नाव गेम संपल्यावर दिसतं. यात मुलं त्या अनोळखी माणसाबद्दल काय काय ठरवून टाकतात ते लिहून घ्या, "हा माझ्यासाठी थांबला, चांगला आहे" आणि तो पुढे निघून गेला की "माजलाय". थांबला तो कदाचित पाणी प्यायला उठला असेल हो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, आणि ही गेमवर प्रेम असणाऱ्या शिक्षकांच्या फार उशिरा लक्षात येते. गेममधली चित्रं, कपडे, संगीत सगळं अगदी अभ्यास करून घातलेलं असलं तरी गेमचे नियम स्वतःच एक दृष्टिकोन घेऊन आलेले असतात. 'सिव्हिलायझेशन 6' या साम्राज्य वाढवत न्यायच्या गेममध्ये 2018 साली कॅनडातल्या क्री या मूळ रहिवाशांचा नेता पाउंडमेकर घातला. त्याच्याच नावाने असलेल्या पाउंडमेकर क्री नेशनचे मिल्टन टूटूसिस यांनी जाहीरपणे आक्षेप घेतला. आमच्या लोकांनाही इतरांची जमीन जिंकायची होती असा समज यातून पसरतो, आमची जगण्याची रीत तशी नव्हती, असं त्यांचं म्हणणं होतं. आता बघा, पात्राचा पोशाख बरोबर असला काय आणि नसला काय, खेळच जर जमीन वाढवत नेण्याचा असेल तर त्यात कुणालाही घातलं तरी तो तेच करणार. हा एवढा किस्सा मुलांना सांगा आणि मग त्यांना त्यांच्याच आवडत्या गेमबद्दल विचारा की यात जिंकणं म्हणजे काय, आणि ज्या माणसाला ते जिंकणं नकोच आहे त्याला या गेममध्ये जागा आहे का. यावर वर्ग पेटतो, कारण मुलं यात तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त जाणतात आणि त्यांना ते सांगायला मिळतं. मी तर म्हणतो नवीन गेम आणायच्या आधी हाच तास घ्या.

आता खेळून झाल्यावरची चर्चा. इथेच सगळे घाई करतात. चाळीस मिनिटांचा तास असेल तर खेळ पंधरा मिनिटं, बाकी बोलणं, आणि खेळ अर्धवट राहिला म्हणून मुलं कुरकुरली तर कुरकुरू दे. "मग आज आपण काय शिकलो?" हा प्रश्न अजिबात विचारू नका, मुलं लगेच हात वर करून "सर्वांचा आदर केला पाहिजे" म्हणतात आणि विषय तिथेच मरतो. त्याऐवजी तुमच्या वहीतलं एक वाक्य वाचा. समजा 'जर्नी' चालू असताना कुणीतरी "हा मुद्दाम मला सोडून गेला" म्हणालं. ते फळ्यावर. मग विचारा यातलं डोळ्यांनी काय दिसलं? कुणीतरी म्हणेल, सोडून गेला ते. नाही, अजून नीट सांग. मग हळूहळू येतं की तो डावीकडे वळला आणि दिसेनासा झाला. बरं, 'मुद्दाम' कुठे दिसलं? शांतता. मग तो वळला त्याची अजून तीन कारणं सांगा. त्याला मी दिसलोच नसेन, नेट गेलं असेल, तिकडे काहीतरी असेल ते दाखवायला गेला असेल. आणि हे तिसरं कारण आलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे मग मीच त्याच्या मागे जायला हवं होतं." तुम्ही यावर काहीही बोलू नका, खरंच सांगतो, मान हलवा आणि पुढचं वाक्य वाचा.

काय दिसलं, मी त्याचा काय अर्थ लावला, आणि मला त्याबद्दल काय वाटलं, हे तीन वेगळे करणं हा वेगळ्या संस्कृतीतल्या माणसांशी वागायला शिकवणाऱ्यांचा जुना सराव आहे, ट्रेनिंग घेणारे लोक कित्येक वर्षं वापरतात. गेममध्ये तो जास्त सोपा जातो कारण प्रसंग रिप्ले करता येतो, दोघांच्या आठवणी वेगळ्या असल्या तर सरळ परत लावून बघता येतं. खऱ्या आयुष्यात ही सोय नाही.

मार्कांचं काय. मुलाच्या मनात किती सहानुभूती आली याचे मार्क देऊ नका, ते मोजता येत नाही आणि मुलं तर फार हुशार असतात, मार्क आहेत म्हटल्यावर वहीत नुसता कळवळा ओततील. मायकल बायरम या अभ्यासकांनी 1997 मध्ये वेगळ्या संस्कृतीतल्या माणसांशी वागण्या-बोलण्याच्या कौशल्याचे पाच भाग केले होते, उत्सुकता आणि मोकळेपणा, माहिती, अर्थ लावता येणं, स्वतः शोधून काढता येणं, आणि आपल्याकडच्या गोष्टींकडेही चिकित्सकपणे बघता येणं. त्यातला पहिला सोडून द्या, मार्कांपुरता. तिसरा आणि चौथा घ्या. म्हणजे मुलाला एक नवीन, न पाहिलेला प्रसंग द्या, दोन मिनिटांचा गेमचा व्हिडिओ चालेल, आणि त्याने दिसलेलं आणि लावलेला अर्थ वेगवेगळं लिहिलंय का, एकापेक्षा जास्त कारणं सुचली का, आणि खात्री करायला तो कुणाला काय विचारेल, एवढंच तपासा. सत्राच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून मुख्याध्यापकांना दाखवता येतील, त्यांच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा ते बरं. पाचवा भाग मार्कांसाठी नाही पण त्यावर मी खाली येतोच. आणि मुलांना स्वतःपुरतं काही लिहायला द्यायचं असेल तर कौन्सिल ऑफ युरोप या युरोपातल्या देशांच्या संघटनेने 2009 मध्ये काढलेली एक प्रश्नमालिका आहे, वेगळ्या संस्कृतीतल्या माणसाशी आलेल्या एका प्रसंगाबद्दल स्वतःला विचारायचे प्रश्न, नेटवर फुकट आहे, 2013 मध्ये चित्रांतून आणि स्क्रीनवरून भेटलेल्या माणसांसाठीची तिचीच आवृत्ती पण आली. प्रश्न बरेच आहेत, त्यातले चार-पाच उचला, सगळी मालिका दिली तर मुलं जांभया देतील.

शरणार्थी, सीमा, युद्ध असले विषय असलेले गेम पण तुम्हाला लोक सुचवतील. 'बरी मी, माय लव्ह' हा 2017 चा, सीरियातून निघालेली नूर आणि मागे राहिलेला तिचा नवरा मज्द, आपण मज्द, आणि सगळा गेम म्हणजे दोघांचे फोनवरचे मेसेज. फार सुंदर आहे आणि आपण दिलेल्या सल्ल्याने नूरचा जीव जाऊ शकतो. 'पेपर्स, प्लीज' 2013 चा, एका काल्पनिक देशाच्या सीमेवर तुम्ही पासपोर्ट तपासनीस, हल्ला झाल्यावर वरून हुकूम येतो की अमुक देशाच्या सगळ्यांची झडती घ्या, आणि घरच्यांचं पोट भरायचं म्हणून तुम्ही ती घेता. थोड्याच वेळात खेळणारा नुसता देशाचं नाव बघून सावध व्हायला लागतो, त्याला कुणी वाईट विचार शिकवला नाही, नियमाने आणि घाईने शिकवला. मला हा गेम अफाट वाटतो पण तुमच्या वयाच्या मुलांना मोकळा सोडून देऊ नका, तुम्ही स्वतः प्रोजेक्टरवर खेळा, नग्नतेची चित्रं सेटिंगमधून बंद होतात ती आधी बंद करा, वयाचं रेटिंग बघा. आणि दोन्ही गेमच्या बाबतीत, वर्गात कुणी असं काही खरंच भोगून आलेलं असेल तर त्याला आधी एकट्याला गाठून सांगा काय आहे ते, नको म्हणाला तर नको, कारण विचारायचं नाही. आणि त्यालाच वर्गासमोर "तू सांग बरं, असंच असतं का" असं तर कधीच विचारू नका.

आता त्या दुसऱ्या वर्गाबरोबर खेळायचं का? हो, पण तुमचा देश विरुद्ध त्यांचा देश असा सामना कृपा करून ठेवू नका. मला माहितीय सगळ्यात आधी तेच सुचतं, उत्साह पण मस्त असतो. मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञांनी 1954 मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका शिबिरात मुलांचे दोन गट करून त्यांच्यात स्पर्धा लावल्या, थोड्या दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली, आणि मग नुसतं एकत्र जेवण, एकत्र सिनेमा याने काही फरक पडेना, पाणी बंद पडलं आणि दोन्ही गटांना मिळून ते चालू करावं लागलं अशी कामं आल्यावर गोष्टी हळूहळू निवळल्या. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली, मुलांना असं वागवायला नको होतं वगैरे, ते आपल्या जागी बरोबरच आहे. पण स्पर्धा लावून मैत्री होत नाही एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही. त्याच वर्षी गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञांनी लिहून ठेवलंय की दोन गट नुसते भेटून पूर्वग्रह कमी होत नाहीत, भेटीत दोघांचा दर्जा सारखा हवा, काहीतरी एकच गाठायचं हवं, ते एकमेकांच्या मदतीशिवाय गाठता येऊ नये, आणि वरच्या लोकांचा पाठिंबा हवा.

म्हणून टीम मिसळून करा, इकडचे दोन तिकडचे दोन. गेम असा घ्या ज्यात एकाकडे अर्धी माहिती आणि दुसऱ्याकडे अर्धी. 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स' बरोबर असा आहे, 2015 चा, एकाला स्क्रीनवर बॉम्ब दिसतो पण निकामी कसा करायचा माहीत नाही, बाकीच्यांकडे सूचनांची पुस्तिका आहे पण त्यांना बॉम्ब दिसत नाही, आणि घड्याळ चालू. पुस्तिका फुकट मिळते, बऱ्याच भाषांत आहे, आणि विकत घ्यायची कॉपी एकच लागते. बॉम्ब हा विषय तिकडच्या शाळेला चालेल का हे मात्र आधी विचारा, काही ठिकाणी तो अजिबात गंमतीचा विषय नसतो. दर्जा सारखा हवा म्हणजे भाषा पण आली त्यात. ज्यांची इंग्रजी पक्की त्यांच्याकडेच पुस्तिका आली तर तीच मुलं हुकूम सोडणार आणि बाकीची गप्प. त्यामुळे अडखळणाऱ्यांच्या हातात पुस्तिका द्या, म्हणजे भराभर बोलणाऱ्यांना थांबून ऐकावंच लागेल.

आणि मघाशी तो पाचवा भाग राहिला, आपल्याकडच्या गोष्टींकडे बघणं. याच्यासाठी खेळू नका, मुलांकडून गेम बनवून घ्या. ट्वाइन म्हणून एक फुकट साधन आहे, ब्राउझरमध्ये चालतं, कोडिंग येत नसलं तरी भागतं, गोष्ट लिहायची आणि 'हे केलं तर इकडे, ते केलं तर तिकडे' अशा फांद्या जोडायच्या. विषय द्या: बाहेरून आलेल्या मुलाचा आपल्या शाळेतला पहिला दिवस. अट एकच, कुठलाही नियम सांगायचा नाही, त्याने चुकूनच शिकायचा. शिक्षक आत आले की काय करायचं, कोणत्या बाकावर बसायचं नाही, कुणाला नावाने हाक मारायची नाही, मोठ्यांना 'नाही' कसं म्हणायचं, चेष्टा कुठपर्यंत चालते. मुलं लिहायला बसली की पहिली दहा मिनिटं म्हणतील आपल्याकडे असले काही नियमच नाहीत, सगळं नॉर्मलच आहे. मग एक सुचतो, मग थांबतच नाहीत, आणि भांडणं पण होतात कारण मुलींना माहीत असलेले नियम मुलांना माहीतच नसतात, हॉस्टेलवरच्यांचे वेगळे, नवीन आलेल्यांचे वेगळे, म्हणजे 'आपली संस्कृती' म्हणून जे एक गाठोडं ते समजत होते ते वर्गातच सुटतं. ती भांडणं होऊ द्या. तिकडच्या वर्गालाही हेच करायला सांगा आणि पहिल्या भेटीआधी गेमची अदलाबदल करा. मग पहिल्या भेटीत "तुमचा आवडता खेळ कोणता" छाप प्रश्नांवर वेळ जाणार नाही, मुलं सरळ विचारतील की मी हात वर केला तर तुमच्या गेममधले सर का चिडले.

चॅट मात्र बंद खोलीतलं ठेवा, सार्वजनिक सर्व्हरवर मुलांना सोडू नका, खरी नावं, फोटो, नंबर काही नको, आणि पालकांना आधीच एका पानाचं पत्र द्या की काय खेळणार आणि का.

मुलांना भेटवायच्या आधी तिकडच्या शिक्षकांबरोबर तुम्ही स्वतः एकदा तो बॉम्बचा गेम खेळा, एक संध्याकाळ काढा. तुम्ही "डावीकडचं बटण" म्हणाल आणि ते भलतंच दाबतील, ते शांत बसतील आणि तुम्हाला वाटेल वैतागले, खरं तर ते पान उलटत असतील. त्यावेळी तुमच्या मनात त्यांच्याबद्दल जे काही येईल ते लिहून ठेवा आणि त्यांनाही लिहायला सांगा. दोघांना चालत असेल तर चर्चेच्या पहिल्या तासाला फळ्यावर तीच वाक्यं घ्या, मुलांच्या वहीतली नंतर.